खेळवलं की खेळू दिलं

तो मेसेज मी लिहिला तेव्हा मुलगी एक्स-रेच्या खोलीत होती आणि मी बाहेर, जमिनीला पक्क्या केलेल्या खुर्च्यांच्या रांगेत बसलो होतो. शनिवार होता, दुपारचे चार वाजून गेले होते. मांडीवर तिचे खेळायचे बूट होते. उजव्या बुटाची नाडी नर्सने कात्रीने कापली होती, कारण घोटा इतका सुजला होता की बूट निघेना. खिशातला फोन सारखा थरथरत होता. काढून पाहिलं तर आमच्या ग्रुपवर नुसता जल्लोष. कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉल टीम सेमीफायनल दोन पॉइंटांनी जिंकली होती. कुणीतरी कोचचा फोटो टाकून लिहिलं होतं, 'हिनेच पुन्हा करून दाखवलं!' खाली बदामांची रांग.

माझी मुलगी ज्या पायावर शेवटची पाच मिनिटं खेळली, त्या पायाबद्दल कुणी एक शब्द लिहिला नव्हता.

मी इंग्रजीत एकच वाक्य टाइप केलं. त्यांनी माझ्या मुलीला मोडलेल्या घोट्यावर खेळायला लावलं, असं. 'मेड हर प्ले.' पाठवलं आणि फोन शेजारच्या खुर्चीवर पालथा ठेवला. घोटा मोडलाय की नाही, हे तोपर्यंत डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.

त्या ग्रुपला टीमचं नाव होतं, पण तो खरा कोचच्या चाहत्यांचा ग्रुप. कोच म्हणजे पन्नाशीच्या एक आयरिश बाई. बारीक कापलेले करडे केस, बारा महिने एकच काळं जाकीट. दिवसा प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि संध्याकाळी या मुलींना. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. सामना संपला की आमच्या बाकांपाशी येऊन दोन वाक्यं बोलत. टीम हरली असेल तर म्हणत, 'आज मी हरले.' जिंकली असेल तर, 'मुली जिंकल्या.' त्यांच्या तोंडी 'मी' फक्त पराभवाच्या दिवशी यायचं. आम्हा चाहत्यांचं नेमकं उलटं होतं. जिंकलो की 'आपण जिंकलो', आणि हरलो की 'पोरी आज झोपेत होत्या'.

चाहते म्हणजे पूर्वी त्यांच्या हाताखाली खेळलेल्या बायका, ढोल घेऊन येणारे काही विद्यार्थी, चार-सहा पालक आणि डब्लिनच्या क्लोनडॉकिन भागातले एक निवृत्त बसड्रायव्हर. या आजोबांचं टीममध्ये नात्यागोत्याचं कुणीच नव्हतं. ते फक्त कोचसाठी यायचे. कोचला ते नावाने कधी हाक मारत नसत, 'हरसेल्फ' म्हणत. 'हरसेल्फ आल्या का?' इकडे घरातल्या कर्त्या बाईला असं म्हणतात. आपण 'बाईसाहेब आल्या का' विचारतो तसंच, थोडं चेष्टेत आणि थोडं धाकात.

मी मूळचा नागपूरचा. डब्लिनमध्ये, ओंगार भागात राहून आता अकरा वर्षं झाली. आमच्या वसाहतीत मराठी घरं भरपूर आहेत, गणपती बसतो, दिवाळीचा फराळ या दारातून त्या दारात जातो. पण इथल्या माणसांच्या घोळक्यात कुणी 'ये, तुझी जागा धरून ठेवलीय' असं म्हणालं ते पहिल्यांदा सामन्यांच्या हॉलमध्ये. ते म्हणणारे हेच बसड्रायव्हर आजोबा. दोन वर्षं मी एकही सामना चुकवला नाही. मुलीसाठी जातो असं सांगायचो, पण त्या बाकांवर बसायला मलाच आवडायचं.

त्या शनिवारी सामना टॅला या उपनगरात होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये रिंगला लागून परतलेला चेंडू उडी मारून घेताना मुलगी दुसऱ्या एका मुलीच्या पायावर उतरली आणि घोटा आतल्या बाजूला वळला. तिला धरून बेंचवर नेलं. टीमची फिजिओ त्या दिवशी आजारी होती, तिच्या जागी कुणी आलं नव्हतं. एका राखीव खेळाडूने बर्फ लावला. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा आमची टीम सहा पॉइंटांनी मागे होती. मी समोरच्या बाजूने पाहत होतो. कोच मुलीसमोर उकिडव्या बसल्या, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि काहीतरी बोलल्या. मुलगी उठली. आत गेली. आमचे बाक नाचायला लागले. तिने दोन बास्केट केले, एक अडवला, आणि शेवटची शिट्टी वाजल्यावर मधल्या वर्तुळात बसली ती उठलीच नाही.

एक्स-रेमध्ये बारीक तडा निघाला. सहा आठवडे बूटवजा प्लास्टर, मग व्यायाम. त्यामुळे माझ्या वाक्यातल्या 'मोडलेल्या' या शब्दावर पुढे कुणी वाद घातला नाही. राहिला 'मेड'.

गाडीत मुलगी मागच्या सीटवर पाय लांब करून झोपली होती. तिने फोन पाहिला नव्हता. माझ्या फोनवर जल्लोष एकदम थांबलेला. मग एकीने विचारलं, 'हे खरं आहे?' दुसरीने लिहिलं की फिजिओ नसताना दुखावलेल्या मुलीला आत पाठवणं नियमात बसत नाही. तिसऱ्या कुणीतरी कोचची बाजू घेतली. रविवारी सकाळपर्यंत दोन तट पडले होते. आणि माझ्या वाक्याचा फोटो कुणीतरी कॉलेजच्या क्रीडा विभागाला पाठवून दिला होता. कुणी, ते मला आजही माहीत नाही.

सोमवारी दुपारी कॉलेजचा ईमेल आला. चौकशी पूर्ण होईपर्यंत कोचना टीमपासून दूर राहायला सांगितलं होतं. गुरुवारी समिती बसणार होती. मी लेखी जबाब आणावा आणि हजर राहावं, अशी विनंती होती. फायनल रविवारी होती.

मुलीला ते टीममधल्या मैत्रिणींकडून कळलं. मी ऑफिसातून घरी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात खुर्चीवर पाय ठेवून बसली होती, घोट्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी. ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र इंग्रजीत आणि तेही इथल्या हेलात. तिने फोन माझ्यासमोर धरला.

"बाबा, 'मेड' तू लिहिलंस?"

"मग काय लिहू? तिने तुला खेळवलं, सगळ्या हॉलने पाहिलं."

"तिने मला खेळू दिलं. शी लेट मी. मी तिच्या पाया पडायची बाकी होते. तिने तीनदा विचारलं, नक्की का? मी तीनदा हो म्हटलं."

"तू हो म्हणणारच. तू एकोणीस वर्षांची आहेस. तिला कळायला नको?"

"ते तू लिहायचं होतंस. तिला कळायला हवं होतं, असं. ते खरं आहे. पण तू ते लिहिलं नाहीस."

ती कुबड्या घेऊन उठली. मी हात पुढे केला, तो तिने बाजूला केला. जिना चढताना कुबडीचा आवाज एकेका पायरीवर ऐकू येत होता.

बायको ओट्यापाशी उभी होती. 

"गेल्या आठवड्यापर्यंत 'त्या' होत्या," ती म्हणाली. "'त्यांनी असं केलं, त्यांनी तसं सांगितलं.' आज 'ती' झाली?"

"माझ्या पोरीचा पाय मोडलाय."

"मला माहीत आहे कुणाच्या पोरीचा मोडलाय." तिने गॅस बंद केला. "रागावू नकोस, पण बरेच दिवस मनात आहे म्हणून सांगते. तुझ्या बोलण्यात तू कधी काही करतच नाहीस बघ. 'कंपनीने मला इथे आणलं.' अरे, बदलीचा अर्ज तू केलास, मी नको म्हणत असताना. 'मला हे घर घ्यायला लावलं.' कोणी लावलं? सही तुझी आहे. कुणीतरी तुला पाठवतं, बसवतं, करायला लावतं. आता तेच पोरीचं चालवलंयस."

मी चिडून बाहेर निघून गेलो. ओंगारच्या त्या सारख्याच दिसणाऱ्या घरांमधून तासभर चालत होतो. ती बोलली त्यातलं एकही वाक्य खोडता येत नव्हतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. भरीत भर म्हणजे माझं पोट अशाच शब्दांवर चालतं. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. काही बिघडलं की त्याचा अहवाल माझ्याकडे येतो. 'ऑपरेटरने निष्काळजीपणा केला' असं कुणी लिहिलं की मी तो परत पाठवतो. निष्काळजीपणा डोळ्यांना दिसत नाही. झडप उघडी होती हे दिसलं ना, मग तेवढंच लिही. जे पाहिलं ते लिही, जे वाटलं ते नको. इतकी वर्षं मी लोकांना हे सांगत आलोय.

मंगळवारी ग्रुपवर एका माजी खेळाडूने लिहिलं, 'युअर मॅनने आधी स्वतःच्या मुलीला विचारायला हवं होतं.' या देशात नवीन आलो तेव्हा 'युअर मॅन' हे शब्द मला फार आपुलकीचे वाटले होते, 'तुमचा माणूस' असे. मग कळलं की ज्याचं नाव घ्यायचं नसतं त्याला असं म्हणतात, आपण 'तो गृहस्थ' म्हणतो तसं. दोन वर्षं मला त्या ग्रुपवर नावाने हाक होती. त्या दिवशी ती गेली. संध्याकाळी मी ग्रुप सोडला.

बुधवारी बसड्रायव्हर आजोबा घरी आले. क्लोनडॉकिनहून दोन बस बदलून. हातात मुलीसाठी पिवळ्या फुलांचा गुच्छ. मुलीशी वर जाऊन थोडं बोलले, खाली येऊन चहा घेतला, आमच्या आल्याच्या चहाला 'ग्रँड' म्हणाले. मग कप खाली ठेवून विचारलं, "हरसेल्फ तिच्याशी काय बोलल्या, ते तू ऐकलंस?"

"नाही. मी तुमच्याच शेजारी होतो की."

"हं. मीही नाही ऐकलं." ते उठले, टोपी घातली. "मी काही सांगायला आलो नव्हतो. फुलं द्यायला आलो होतो."

ते गेल्यावर मी त्यांचा कप धुवून ठेवला. एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. वर लिहितानाही मी ती गाळलीय, आता सांगतो.

कोच उकिडव्या बसून बोलत होत्या तेव्हा मुलीने त्यांच्या खांद्यावरून समोर पाहिलं. अख्खं कोर्ट ओलांडून, सरळ माझ्याकडे. माझ्या आजूबाजूचे सगळे तिचं नाव घेऊन ओरडत होते. त्या दोन वर्षांत पहिल्यांदाच सगळा बाक माझ्या मुलीचं नाव घेत होता. ती माझ्याकडे पाहत होती. तिचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता, ओठ आवळलेले, पांढरा पडलेला. आणि मी अंगठा वर केला. दोन्ही हातांचे अंगठे वर केले. मग ती उठली.

तिने हे ना आईला सांगितलं होतं ना मैत्रिणींना. समितीला दिलेल्या जबाबाची प्रत तिने जेवणाच्या टेबलावर मुद्दाम उघडी ठेवली होती. ती मी वाचली. 'मी खेळायला मागितलं. कोचनी तीनदा विचारलं. निर्णय माझा होता.' माझा कुठे उल्लेखच नव्हता. तिने मला वाचवलं होतं. 

गुरुवारी तीन वाजता कॉलेजच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत आम्ही बसलो. लांबट टेबल, पाण्याचा जग, बंद न होणारी खिडकी. समितीत तिघे होते, मध्ये एक चष्मेवाल्या बाई. समोरच्या बाजूला कोच, तेच काळं जाकीट. मुलगी माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या.

"तुम्ही 'मेड' असं लिहिलंत," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "कोच काय बोलल्या ते तुम्ही ऐकलंत का?"

"नाही."

"मग हा शब्द का वापरलात?"

उत्तर मी रात्रभर तयार केलं होतं. मी म्हटलं, "माझी भाषा वेगळी आहे. आमच्याकडे एक शब्द आहे, 'खेळवलं'. त्याचा अर्थ टीममध्ये घेऊन खेळायला उतरवलं असाही होतो आणि खेळायला भाग पाडलं असाही. भाषांतर करताना..."

बाईंचा चेहरा सैल झाला. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि लिहून घ्यायला लागल्या. शेजारचा गृहस्थही हलकेच खुर्चीत मागे टेकला. सगळ्यांना सोयीचं उत्तर सापडलं होतं. परक्या भाषेचा माणूस, शब्दाचा घोळ, कुणाचाच दोष नाही. आणखी पाच मिनिटांत आम्ही उठलो असतो.

मी मुलीकडे पाहिलं. ती टेबलाकडे पाहत होती. त्या खोलीत मराठी कळणारी माझ्याशिवाय ती एकटीच होती. 'खेळू दिलं' आणि 'खेळायला लावलं' हे दोन्ही शब्द तिने माझ्याच घरात ऐकले होते. माझ्या भाषेत शब्दांची कमतरता नाही, हे तिला माहीत होतं.

"थांबा," मी म्हणालो. "ते लिहू नका. हे खरं नाही."

बाईंचं पेन थांबलं.

"मला नेमकं माहीत होतं मी काय लिहितोय. मी घाबरलो होतो. आणि... ती आत जायच्या आधी तिने माझ्याकडे पाहिलं होतं. मी अंगठे वर केले. तिचा चेहरा मला दिसत होता, तिला दुखतंय हे कळत होतं. मी मानेने नाही म्हटलं असतं तर ती बसली असती. ती माझं ऐकते. कोचनी भाग पाडलं असं लिहिलं की माझा अंगठा कुणी मोजणार नव्हतं. म्हणून तो शब्द."

इंग्रजीत हे बोलताना माझी वाक्यं तुटत होती.  खिडकीतून गार वारा येत होता आणि टेबलावरचे कागद फडफडत होते. मुलीने एक हात चेहऱ्यावर ठेवला होता. ती रडत होती की काय, ते मला कळलं नाही, आणि तिच्याकडे पाहायची हिंमतही झाली नाही.

मग कोच पहिल्यांदा बोलल्या. माझ्याकडे न पाहता, समितीला.

"फिजिओ नव्हती. मी तिला नाही म्हणायला हवं होतं. ती हो म्हणाली, तिचे वडील हो म्हणाले, अख्खा हॉल हो म्हणाला. नाही म्हणायचं काम एकट्या माझं होतं. मी ते केलं नाही."

आम्हाला बाहेर बसवलं. अर्ध्या तासाने निकाल सांगितला. दुखापतीचा नियम मोडला म्हणून कोचना लेखी ताकीद आणि दोन सामन्यांची बंदी. सक्ती केल्याचा आरोप काढून टाकला. दोन सामन्यांतला पहिला म्हणजे रविवारची फायनल.

कॉरिडॉरमध्ये मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. माफी मागायची होती, पण इंग्रजीतली 'सॉरी' त्या क्षणी फारच किरकोळ वाटली. सॉरी बसमध्ये धक्का लागला तरी म्हणतात. तरी तेवढंच म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या. "ते आत बोलणं सोपं नव्हतं." जाकिटाची चेन ओढली. "मला अजून राग आहे तुमचा. जाईल कदाचित. तिच्या व्यायामाचा कागद मी ईमेल करते, तो मात्र रोज करून घ्या."

आणि शाळेची वेळ झाल्यासारख्या भरभर निघून गेल्या.

गाडीत मुलगी पुढे बसली.  अर्ध्या वाटेवर ती इंग्रजीत म्हणाली, "तू सांगायला नको होतंस."

"का?"

"आता सगळ्यांना वाटणार, मी बाबांना विचारून खेळते."

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. मी खरं बोललो याचा मला जो काही अभिमान वाटायला लागला होता, तो तिथेच गाडीत गळून पडला. मी मोकळा झालो होतो, पण त्याची झळ पुन्हा तिलाच लागली होती.  

फायनल मुली हरल्या. कोचशिवाय, माझ्या मुलीशिवाय, अकरा पॉइंटांनी. चाहत्यांपैकी बऱ्याच जणांनी त्याचं खापर माझ्यावर फोडलं, आणि ते सगळंच खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. दुकानात भेटल्या तर काही जणी अजूनही फळांच्या टोपल्यांकडे बघत पुढे जातात. आजोबांनी नाताळाला कार्ड पाठवलं. कोच पुढच्या मोसमात परत आल्या. मुलगीही आली, पाय बरा झाल्यावर. फक्त पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी तिने मला सांगितलं की तू येऊ नकोस. यंदा तरी नको.

मी म्हटलं, ठीक आहे.

त्या शनिवारी बायको मैत्रिणीकडे गेली होती. मी घर झाडलं, मागच्या अंगणातलं गवत कापलं, कपडे वाळत घातले आणि पाऊस आला म्हणून परत आत आणले. फोनवर स्कोअर पाहता आला असता, पाहिला नाही. पाचच्या सुमारास दार वाजलं. ती आली, बॅग जिन्यापाशी टाकली, मोजे काढले आणि थेट स्वयंपाकघरात येऊन सकाळच्या पोह्यांचं पातेलं समोर ओढलं. गार पोहे ती चमच्याने पातेल्यातूनच खायला लागली. घोट्यावरची पट्टी नीट बसलेली होती. कशी झाली मॅच, हे मी विचारलं नाही. बाटलीत पाणी भरून तिच्यासमोर ठेवलं आणि समोरच्या खुर्चीवर बसलो.

चार-पाच घास झाल्यावर तिने मान वर केली आणि पहिल्या क्वार्टरपासून सांगायला सुरुवात केली.